अण्णांनी न पाठवलेला निरोप

एकाहत्तरच्या डिसेंबरात लढाई सुरू झाली तेव्हा मी तेवीस वर्षांचा होतो आणि माझ्या दंडावर एक पट्टी होती. पांढऱ्या कापडाची, तिच्यावर काळ्या अक्षरांत 'वॉर्डन' लिहिलेलं. ती मिळाल्यापासून मी फक्त अंघोळीपुरती काढत असे, आणि तीही आईनं ओरडल्यावर.

भिंगारच्या छावणीतल्या एका कचेरीत मी हंगामी कारकून होतो. छावणी म्हटली की शत्रूची विमानं तिकडेच येणार, असं तेव्हा सगळे धरून चालले होते. कचेरीतल्या आम्हा दहाबारा तरुण पोरांना तीन दिवसांचं शिक्षण मिळालं. शिकवायला एक निवृत्त हवालदार होते. पेटलेल्या बॉम्बवर वाळूची बादली कशी उलटायची हे त्यांनी इतक्यांदा करून दाखवलं की तिसऱ्या दिवशी मैदानातली वाळू संपली आणि आम्ही नुसते हात उलटे करून दाखवू लागलो. शेवटी एक छापील यादी हातात पडली: खिडक्यांच्या काचांना काळा कागद, वाळूच्या बादल्या, आग विझवायला पाण्याची पिंपं, दारापुढं वाळूची पोती, मलमपट्टीचा डबा आणि अंगणात खंदक. पुढच्या रविवारी मुख्य वॉर्डन तपासणीला येणार होते, आणि पहिली तपासणी आम्हा वॉर्डनांच्याच घरांची होती.

आमचं घर भिंगारच्या बाहेर, मळ्याच्या वाटेवर होतं. घरात अण्णा म्हणजे माझे वडील, आई, थोरला भाऊ म्हणजे दादा, वहिनी, त्यांचा तीन वर्षांचा मुलगा आणि मी. पण त्या आठवड्यात घरचे दोन्ही कर्ते पुरुष घरात नव्हते. अण्णा बहिणीकडे कोल्हारला गेले होते, तिच्या सासरी गुऱ्हाळ चालू होतं. दादा बैलगाडी घेऊन बेलापूरकडे ऊस वाहायला गेला होता. म्हणजे संरक्षणाची सगळी जबाबदारी माझ्यावर. मला त्याचा आनंदच झाला होता.

यादीतलं पहिलं काम काळा कागद. आमच्या घराला एकच खिडकी होती आणि तिला काच नव्हती, लाकडी झडप होती. मी झडपेलाच कागद चिकटवला. वहिनी कणीक मळता मळता बघत होती.

"भावजी, लाकडातनं उजेड बाहेर जातो व्हय?"

"यादीत लिहिलंय," मी म्हणालो.

"मग ह्या पोराच्या तोंडालाबी चिकटवा थोडा. लई रडतंय."

पुढं खंदक. अंगणात मी कुदळ मारली आणि कुदळ परत माझ्याकडेच आली. आमचं अंगण म्हणजे निव्वळ मुरूम. दोन दिवस कचेरीतून आल्यावर मी खणत होतो. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी हाताला चार फोड आणि खंदक गुडघाभर. त्यात शेजारची कोंबडी येऊन बसायला लागली. आई म्हणाली, "आसू दे, तिला तरी इमानापासनं आसरा झाला."

शनिवारी सकाळी मी त्या खड्ड्याच्या काठावर बसलो होतो आणि माझी नजर घरामागच्या पेवाकडे गेली.

आता पेव कुणाला ठाऊक नसतं म्हणून सांगतो. पेव म्हणजे धान्य साठवायचं जमिनीतलं कोठार. वरून तोंड लहान, एक माणूस अंग चोरून उतरेल एवढं, आणि आत पोट मोठं, रांजणासारखं. आतून कडबा आणि काड लावून घेतलेलं असतं, म्हणजे ओल लागत नाही. ज्वारी भरली की तोंडावर दगडी फरशी ठेवायची, माती-शेणानं लिंपायची आणि विसरून जायचं. आमच्या पेवात अठरा पोती ज्वारी होती. अण्णांचा नेम कडक होता. ते म्हणायचे, "हे पेव पोटासाठी न्हाई, दुष्काळासाठी हाय." एकदा फरशी हलली की आत हवा शिरते, मग सगळं धान्य त्याच दिवशी बाहेर काढावं लागतं, आणि पेवातून निघालेली ज्वारी उघड्यावर फार दिवस टिकत नाही. म्हणून घरच्या कर्त्यानं सांगितल्याशिवाय पेव उघडायचं नाही, आणि उघडताना घरच्या सुनेनं पूजा करायची, असा आमच्याकडे रिवाज होता. घरातलं धान्य सुनेच्या ताब्यात असे. रोज सकाळी मापट्यानं ज्वारी मोजून दळायला काढायची ती वहिनी.

हे सगळं मला माहीत होतं. तरी त्या सकाळी मला पेवात ज्वारी दिसली नाही, तयार खंदक दिसला. दीड पुरुष खोल, कोरडा, आयता. यादीतल्या चित्रापेक्षा कितीतरी चांगला. भिंगारमध्ये एकाही वॉर्डनकडे असा नसणार.

मी वहिनीकडे गेलो. आई बाजाराला गेली होती. वहिनीनं माझं सगळं ऐकून घेतलं आणि सरळ म्हणाली, "मामंजींना इचारल्याबिगर म्या फरशीला हात लावनार न्हाई. तुमीबी लावू नका."

"आणि बॉम्ब पडला तर?"

"तर तुमच्या त्या कोंबडीच्या खड्ड्यात बसू."

ती हसली. मी हसलो नाही. रविवार उद्यावर आला होता. मी बाहेर गेलो, ओढ्यापर्यंत एक चक्कर मारली आणि परत येऊन म्हणालो, "वहिनी, कोल्हारचा माणूस भेटला रस्त्यात. अण्णांचा निरोप आहे. दिवस वाईट आहेत, पेव मोकळं करा आणि पोराला घेऊन त्यात बसा, म्हणाले."

इतकं सोपं होतं ते. मला वाटलं होतं ती चार प्रश्न विचारील. कोण माणूस, कधी भेटला. तिनं एकच विचारलं, "मामंजी असं म्हनले?"

"हो."

तिनं लगेच कामाला सुरुवात केली. कणीक झाकून ठेवली, डोक्यावर पदर घेतला, हळद-कुंकू आणि नारळ घेतला. फरशीला कुंकू लावून तिनं नारळ फोडला. शेजारच्या मळ्यातल्या चार गड्यांना तिनंच हाक मारली. फरशी सरकवल्यावर मी लगेच आत उतरायला निघालो तर तिनं माझा सदरा मागून धरला.

"मरायचं हाय का? आधी कंदील सोडा."

दोरीला पेटता कंदील बांधून आत सोडला. हातभर खाली गेला आणि विझला. आत वाईट हवा कोंडलेली होती. हवालदारांच्या तीन दिवसांच्या शिक्षणात हे नव्हतं. मग तिनं घोंगडी दोरीला बांधून खालीवर करवली, तासभर थांबवलं, पुन्हा कंदील सोडला. तो जळत राहिला तेव्हाच गड्यांना उतरू दिलं. माझा जीव तिनं वाचवला, हेही ह्या निमित्तानं नोंदवून ठेवतो, कारण ते घरात कुणालाच माहीत नाही.

दुपारपर्यंत ज्वारी वर आली. पण घरात पोती दहाच, आणि दारापुढं वाळूची पोती रचायची होती. मी हिशेबीपणानं वाळूला सहा पोती दिली. उरलेल्या चारांत ज्वारी भरली आणि बाकीची सगळी पडवीत जमिनीवर ढीग करून ओतली. ढिगाच्या शेजारी आगीच्या पाण्याचं पिंप ठेवलं. ते बुडाशी थोडं पाझरत होतं. थोडंच, असं मला वाटलं.

आई बाजारातून आली, पडवी बघून दारातच थांबली. "हे काय?"

"मामंजींचा निरोप आला," वहिनी म्हणाली. मी तेव्हा पेवात उतरून कडबा उपसत होतो. काडात विंचू असतात असं ऐकलं होतं, म्हणून आतलं सगळं अस्तर मी उपटून बाहेर फेकलं आणि बसायला पाट टाकले. आईनं मला काही विचारलं नाही. मीही वर आलो नाही.

रविवारी सकाळी छावणीतला भोंगा वाजला. रंगीत तालीम होती. मी शिट्टी फुंकली. ठरल्याप्रमाणे शिडीवरून आधी वहिनी उतरली, मग मी पोराला तिच्या हातात दिलं, मग आई. आमची आई अंगानं भरलेली होती. कमरेपर्यंत ती आत गेली आणि तिथंच राहिली. खाली जाईना, वर येईना.

"आई, श्वास सोड," मी म्हणालो.

"सोडला. आता घिऊ का नको?"

आतून वहिनीचा आवाज आला, "आत्याबाई, पाय हलवू नका, पोराच्या डोक्याला लागतंय." पोराला मात्र आजीचे पाय असे वरून लोंबताना बघून मजा वाटली असावी, ते खिदळत होतं. आई म्हणाली, "वरनं बाम टाकला तर म्या हायेच झाकान. खालच्यांची काळजी मिटली."

शेजारच्या गड्यांनी काखेत हात घालून तिला वर काढलं तेव्हा शत्रू चार वेळा येऊन गेला असता. दहा वाजता मुख्य वॉर्डन येणार होते. मी पहार घेतली आणि पेवाच्या तोंडाची दगडी कड फोडून तोंड रुंद केलं. आई आरामात उतरली. मुख्य वॉर्डन आले, त्यांनी पेवात डोकावून पाहिलं, "उत्कृष्ट" असं म्हणाले आणि वहीत काहीतरी लिहिलं. झडपेवरचा कागदही त्यांना आवडला. जाताना पडवीतल्या ढिगाकडे बोट करून त्यांनी विचारलं, "ही ज्वारी अशी का?"

"हलवायचीय," मी म्हणालो.

लढाई दोन आठवड्यांत संपली. आमच्याकडे एकही विमान फिरकलं नाही. मी दंडावरची पट्टी काढली तेव्हा मला खरं तर वाईट वाटलं.

आणि अण्णा परत आले. दादा अजून बैलगाडीसह उसावरच होता.

ते आधी गोठ्याकडे गेले, मग घराला वळसा घालून मागं गेले. बराच वेळ आले नाहीत. आले तेव्हा हातात फुटलेल्या दगडाचा एक तुकडा होता. तो त्यांनी ओट्यावर ठेवला आणि वहिनीला हाक मारली. वहिनी पदर सावरत दाराशी उभी राहिली. आई चुलीपाशी होती. मी ओट्यावरच बसलो होतो, पळायला जागा नव्हती.

"पेव कुनी उघडलं?"

"म्या पूजा केली, मामंजी. तुमचा निरोप आला म्हनून."

"म्या निरोप धाडला? कुनाबरुबर?"

"भावजींना भेटला मानूस. त्यांनी सांगितलं."

अण्णांनी माझ्याकडे बघितलं. अण्णा मारत नसत, ओरडतही नसत. ते नुसते वाट बघत. मी तेवीस वर्षांचा, कचेरीत जाणारा, महिन्याच्या आत नोकरी कायम होणार अशी आशा असलेला माणूस, आणि माझ्या तोंडून जे निघालं ते असं होतं: "मी असं कुठं म्हणालो? वहिनींना पोराची भीती वाटत होती. त्या म्हणाल्या उघडू या, मी बरं म्हणालो."

बोलताना मला शब्दही शोधावे लागले नाहीत.

अण्णांनी आईला विचारलं. आई म्हणाली, "मला काय ठावं? म्या बाजारात हुते. सून म्हनली निरोप आला." गड्यांना विचारलं असतं तर तेही म्हणाले असते की हाक वहिनीनं मारली. नारळ तिनं फोडला होता, कुंकू तिनं लावलं होतं. उघडण्याचं सगळं तिच्याच हातून झालेलं. त्यात माझ्या हातून फक्त एक वाक्य झालं होतं, आणि ते ऐकणारी ती एकटीच होती.

वहिनी माझ्याकडे बघत राहिली. मी दगडाच्या तुकड्याकडे. मग ती आत गेली.

अण्णांनी तिला एक बोलही लावला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ती ज्वारी मोजायला गेली तेव्हा मापटं खुंटीवर नव्हतं. अण्णांनी ते आईकडे दिलं होतं. आईला वाकता येत नसे. त्यामुळे कणगीत वाकून ज्वारी काढायची वहिनीनं, आणि मोजायची आईनं, असं सुरू झालं. बाहेरून बघणाराला काही कळलं नसतं. घरातल्या प्रत्येकाला कळलं.

अस्तर गेलेलं, तोंड फुटलेलं पेव पुन्हा भरणं शक्य नव्हतं. त्यात ओल उतरली होती. ढिगाचा पिंपाकडचा भाग काळा पडला होता. बाकीच्याला होळीपर्यंत टोके, म्हणजे धान्यातले किडे, लागले. जी विकता आली ती अण्णांनी विकली, पडेल त्या भावानं. आणि त्यानंतरचा पावसाळा आलाच नाही. बहात्तरचा दुष्काळ ज्यांनी पाहिला त्यांना मी काय सांगणार? रेशनच्या दुकानात लाल मिलो मिळायचा, परदेशातून आलेली निकृष्ट ज्वारी. त्याच्या भाकरी थापताना आई म्हणायची, "ह्याला चव न्हाई, निस्ता रंग हाय." माझा पगार होता, म्हणून आम्ही उपाशी राहिलो नाही. पण अठरा पोती ज्वारी त्याच वर्षासाठी जमिनीखाली होती, आणि ती मी विमानांसाठी बाहेर काढली होती.

रस्त्याचं दुष्काळी काम निघालं. एक दिवस वहिनी डोक्याला फडकं बांधून खडी फोडायला निघाली. दादा म्हणाला, "तू कशाला? मी जातो."

"दोघं जाऊ. ज्वारी म्या घालवली म्हनतात, तर म्याच आनते."

ती हे माझ्यासमोर म्हणाली, पण माझ्याकडे न बघता. तो सगळा उन्हाळा ती रस्त्यावर बसून खडी फोडत होती. मी सायकलवरून कचेरीत जायचो. कामाची जागा त्याच रस्त्यावर होती. मी लांबच्या वाटेनं जायला लागलो.

खरं सांगायला मला पुष्कळ वेळ होता. अण्णा त्यानंतर दहा वर्षं जगले. पण आधी नोकरी कायम होण्याची वाट पाहिली, मग लग्न ठरण्याची, मग अण्णांची तब्येत सुधारण्याची. आणि दरम्यान त्या गोष्टीचा किस्सा झाला. सुरुवात कुणी केली आठवत नाही, पण पुतण्या मोठा झाल्यावर तो फार रंगवून सांगू लागला. प्रत्येक लग्नात, प्रत्येक बारशाला. "आमची आई युद्धाला इतकी घाबरली, इतकी घाबरली की दुष्काळाची ज्वारी बाहेर काढून स्वतः पेवात जाऊन बसली." मग आजी अडकल्याचं. लोक पोट धरून हसत. मीही हसत असे. वहिनी ताटातला घास संपवत असे. लोकांना वाटे म्हातारी लाजली.

अण्णा गेले, आई गेली, दादा गेला. गेल्या वर्षी पुतण्यानं नवं घर बांधलं. वास्तुशांतीच्या जेवणात त्यानं किस्सा पुन्हा काढला. ह्या वेळी त्याची नात, सातवीतली, वहिनीला म्हणाली, "पणजी, तू एवढी भित्री होतीस?" वहिनीनं तिच्या गालावरून हात फिरवला.

दुसऱ्या दिवशी मी वहिनीकडे गेलो. ती अंगणात उन्हाला बसली होती. मी पायरीवर बसलो आणि म्हणालो, "वहिनी, त्या निरोपाचं..."

"कोल्हारच्या?"

चोपन्न वर्षांत आम्ही त्यावर एकदाही बोललो नव्हतो, आणि तिला विचार करायला क्षणभरही लागला नाही.

"मी खोटं बोललो होतो. दोन्ही वेळा."

"ते मला ठावं हाय. मलाच काय सांगताय?"

"माफी मागायला आलोय."

"माफीचं बगू मागनं." ती थोडी सावरून बसली. "मला एक सांगा, तुमच्या अण्णांना म्हाईत झालं का? जाईपोतर?"

"नाही."

तिनं मान हलवली. हे तिला ठाऊक असावं, पण विचारायचं राहिलं होतं. मी खाली बघत होतो. ती म्हणाली, "त्यांनी मरताना पानी माझ्याच हातनं घेतलं. पर मापटं काय दिलं न्हाई."

मी म्हणालो की मी पुतण्याला बोलावून सगळं सांगतो, घरातल्या घरात.

"घरातल्या घरात? आन तो लगीनघरात सांगत हुता ते?" तिचा आवाज नेहमीसारखा झाला. "भावजी, तो किस्सा चांगला हाय. आत्याबाई अडकल्या ते ऐकून माजं मलाच हसू येतं आजून. बंद नका करू. फकस्त पुढच्या कार्यात तुमी सांगा, आन मानूस बदला."

पुढचं कार्य म्हणजे गेल्या महिन्यातलं एक लग्न. पंगतीत पुतण्यानं सुरुवात केली, "आमची आई..." आणि मी म्हणालो, "थांब, हा मी सांगतो. मी तिथं होतो." लोकांना वाटलं काका रंगात आले. मी पट्टीपासून सुरू केलं. झडपेचा कागद, कोंबडीचा खड्डा, सगळ्यांना हसू आलं. मग मी म्हणालो, "आणि मी वहिनीला खोटा निरोप सांगितला." अजून हसत होते. "आणि अण्णांनी विचारल्यावर मी नाही म्हणालो."

पुतण्याच्या हातातला घास तसाच राहिला. तो आता सत्तावन्न वर्षांचा आहे. तो आईकडे बघायला लागला, आणि पंगतीत एक एक करून सगळे तिच्याकडे बघायला लागले. मला वाटलं आता ती म्हणेल, जाऊ द्या, झालं ते झालं. मलाही तेच ऐकायचं होतं.

वहिनीनं मान वर केली नाही. पोळीचा तुकडा मोडता मोडता ती म्हणाली, "थांबलात का? खडीचंबी सांगा त्यांना."

मी खडीचंही सांगितलं.